पिंजलेली गादी आणि पंचेचाळीस फुटांचे स्वप्न

गेल्या मृगाच्या तोंडावर मी माझी जुनी कापसाची गादी पिंजून घेतली, आणि त्याचे खरे कारण पहाटे पडणारे एक स्वप्न हे होते. हे कारण दुकानदाराला सांगण्यासारखे नव्हते. त्यांना मी पाठ दुखते असे सांगितले, आणि तेही खोटे नव्हते. गादी घरी येऊन आता आठ महिने झाले आहेत. तिच्याविषयी आणि त्या स्वप्नाविषयी मला एकत्रच लिहावे लागणार आहे, कारण गादीचे काम कितपत चांगले झाले हे मी ज्या मापाने ठरवले, ते माप स्वप्नाचेच होते.

दुकान सांगलीच्या खणभागात, एका गल्लीच्या आतल्या वळणावर आहे. त्याला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर हाताने रंगवलेली 'येथे गाद्या पिंजून मिळतील' एवढीच अक्षरे आहेत आणि त्यातल्या 'पिंजून'मधला अनुस्वार पावसाने केव्हाच धुऊन नेला आहे. मालक सत्तरीच्या पुढचे असून गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचा मुलगा यंत्रावर बसतो, सून घरी खोळी शिवते, आणि टाके मात्र चाचा स्वतः घालतात. मी दुकानाविषयी लिहिणार आहे असे सांगितल्यावर त्यांनी पत्ता देऊ नये अशी विनंती केली, कारण आहे तेच काम दोन माणसांना उरकत नाही. ती विनंती मी पाळते आहे.

आता स्वप्न. ते मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाले आणि दर आठवड्यात तीन-चार वेळा, जवळपास शब्दशः तसेच, पडू लागले. मी चौथीच्या वर्गात परीक्षेला बसलेली असते, पण वय आजचेच, सत्तेचाळीस. बाकांच्या जागी गाद्या अंथरलेल्या असतात आणि आमच्या गल्लीतले सगळे शेजारी, ज्याचे घर नदीच्या जितके जवळ तो तितका पुढे, अशा क्रमाने त्यांवर मांडी घालून बसलेले असतात. पर्यवेक्षकाच्या अंगात रेनकोट असतो आणि हातात छडीऐवजी पाण्याची पातळी मोजायची फुटांची पट्टी. प्रश्नपत्रिका म्हणजे आमचेच विजेचे बिल; त्याच्या पाठीमागे एकच प्रश्न लिहिलेला असतो, 'बेरीज करा'. त्याखाली आकडे असतात: पंचेचाळीस, मुलीचे पर्सेंटाइल, घराच्या कर्जाचा हप्ता, सासूबाईंच्या रक्तदाबाचा वरचा आकडा, आणि सगळ्यांत शेवटी ५१९.६०. मी बेरीज करते आणि उत्तर दर वेळी फुटांत येते. उत्तर चुकले की गादीचा एक टाका तुटतो, त्या भोकातून गार पाणी वर येते, आणि त्याच्याबरोबर कापूस बाहेर पडू लागतो. तो मी अंगठ्याने परत आत दाबत राहते. खिडकीपाशी सासूबाई उशीवर बसून तरंगत असतात आणि अगदी निवांतपणे तांदूळ निवडत असतात. त्या वर न बघताच म्हणतात, "अगं, घंटा झाली." मी जागी होते तेव्हा घड्याळात चार वाजून गेलेले असतात आणि चादर पाठीला चिकटलेली असते.

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी दोन आकड्यांचा उलगडा करायला हवा. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली वाहतुकीला खुला झाला, आणि आज तो या शहरासाठी पुलाइतकाच मोजपट्टीचेही काम करतो. त्याच्यापाशी पाणी चाळीस फुटांवर आले की इशारा, पंचेचाळीसवर गेले की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. तेव्हापासून पावसाळ्यात आमच्याकडे कोणी 'किती झालं?' असे विचारले तर वेळ किंवा भाव विचारला असे कोणी समजत नाही. ५१९.६० मीटर ही याच कृष्णेवर पुढे, कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याची चर्चा निघाली की नदीकाठच्या घरांमध्ये दशांश चिन्हापुढचे आकडेसुद्धा तोंडपाठ होतात. कोयनेची १०५.२५ टीएमसी साठवणक्षमता माझ्या मुलीला तिसरीत पाठ होती, पाढे नंतर झाले.

उरलेले आकडे घरचे. मुलीने बारावीनंतर सीईटी दिली होती आणि निकाल यायचा होता. मी एका पतसंस्थेत ठेवींच्या खिडकीवर काम करते, त्यामुळे इतरांच्या मुदतठेवी कधी पिकतात हे मला दिवसभर दिसते, आणि आमच्या हप्त्याची तारीख पाच आहे हे रात्री आठवते. सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मिरजेत ठरले होते, पण रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत डॉक्टरांनी ते दोनदा पुढे ढकलले होते. यांतली एकही चिंता विलक्षण नाही. आमच्या गल्लीत घरटी अशीच यादी निघेल. विलक्षण होते ते एवढेच, की दिवसा या गोष्टी मी वेगवेगळ्या खणांत ठेवत होते आणि पहाटे कोणीतरी ते सगळे खण एकाच गादीवर रिकामे करत होते.

आणि गादी तरी कशी, तर खरोखरच तुटक्या टाक्यांची. आमच्या पलंगावर तीन बाय सहाच्या दोन गाद्या शेजारी शेजारी आहेत. त्यांतली माझ्या बाजूची लग्नात माहेरहून आलेली, म्हणजे तेवीस वर्षांची. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरण्याआधी आम्ही ती माळ्यावर चढवू शकलो. यांची गादी चढवायला वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर ती बाहेर काढायला चार माणसे लागली, कारण भिजलेल्या कापसाच्या गादीइतके जड दुसरे काही घरात नसते. त्या आठवड्यात गावभागातल्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला चिखलाने काळ्या पडलेल्या गाद्यांचे ढीग होते. त्यानंतर यांच्या बाजूला फोमची गादी आली आणि माझ्या बाजूला जुनीच राहिली. तिच्यात मध्यभागी खड्डा पडला होता, कमरेखाली कापसाचे लिंबाएवढे गोळे झाले होते, आणि एक तुटका टाका नेमका डाव्या बरगडीला टोचत असे. पावसाळी हवेत ती ओलसर लागे. कापूस दमटपणा धरतो. साधारण हवामानातसुद्धा कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी तो बाळगून असतो, आणि नदीकाठच्या जून महिन्याला साधारण हवामान म्हणता येत नाही.

मला पहिली शंका आली ती इथे. स्वप्नातले पाणी नदीचे होते, पण ते खालून, गादीतून येत होते, दारातून नव्हे. पूर पाहिलेल्या माणसाच्या स्वप्नात पाणी दारातूनच यायला हवे. झोपेवरच्या संशोधनात यासंबंधी एक जुना प्रयोग आहे. १९५८ साली विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी स्वप्नावस्थेत असलेल्या माणसांच्या अंगावर थंड पाण्याचा फवारा मारून मग त्यांना उठवले, तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रसंगी ते पाणी कोणत्या ना कोणत्या रूपात स्वप्नात शिरलेले आढळले. माझ्यावर फवारा कोणी मारत नव्हते, पण ओलसर गादी आणि टोचणारा टाका हे काम रोज रात्री चोख करत असावेत, असे मला वाटू लागले. गादी पिंजून घेण्याचा निर्णय त्या दिवशी झाला.

दुकानात पहिली गोष्ट होते ती वजनाची. गादी आकड्याला टांगून वजन केले, ते सव्वाबारा किलो भरले, आणि तो आकडा चाचांनी खडूने भिंतीवर माझ्यासमोर लिहिला. पिंजल्यावर कापूस पुन्हा मोजतात. जुना कापूस पिंजताना धूळ आणि तुटलेल्या तंतूंचा भुगा बाहेर जातो, त्यामुळे वजन कमी भरणारच. ते किती कमी भरले हे गिऱ्हाईकाला दाखवणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे, आणि दोन दुकानांत चौकशी केल्यावर मला कळले की तो सगळीकडे पाळला जात नाही. माझी गादी साडेदहा किलो उरली. त्यांनी तीत दोन किलो नवा कापूस मिसळला, पण सरसकट नव्हे. नवा कापूस मधल्या पट्ट्यात, जिथे शरीराचा भार येतो तिथे, आणि जुना कडेला, अशी त्यांची पद्धत आहे. तेवीस वर्षांच्या कापसाचे तंतू आखूड झालेले असतात आणि ते पुन्हा लवकर बसतात, हे कारण त्यांनी कापसाची एक पुंजी बोटांत ओढून, तुटून दाखवूनच सांगितले.

पिंजणे आता यंत्रावर होते. दातेरी रुळातून कापूस जातो आणि पलीकडे ढगासारखा पडतो. खोलीभर धूळ उडते, आणि चाचांच्या मुलाच्या भुवया त्या दिवशी सासूबाईंच्या केसांइतक्या पांढऱ्या दिसत होत्या. तोंडाला बांधलेल्या रुमालापलीकडे तिथे दुसरा बंदोबस्त नाही, याची नोंद तक्रार म्हणून करते. चाचांची धनुकली भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. लहानपणी दारावर येणारे पिंजारी तिच्या तातीवर लाकडी मुठीने ठोका मारत आणि तो घुमणारा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू येई. मी ती खाली काढायला सांगितल्यावर चाचांनी दोन ठोके वाजवून दाखवले आणि परत टांगून ठेवली. काम तिच्यावर होत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

खरी कारागिरी पुढे आहे. खोळ उलटी करून जमिनीवर पसरतात, तिच्यावर कापूस थरांनी रचतात, आणि मग खोळ व कापूस एकत्र गुंडाळत गुंडाळत असे उलटवतात की क्षणात कापूस आत आणि कापडाची सुलटी बाजू बाहेर येते. मी तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा तो नेमका क्षण माझ्या नजरेतून सुटला. त्यानंतर लांब काठीने सगळीकडे सारखे झोडपून कापूस कोपऱ्यांपर्यंत पोहोचवतात. मग टाके. चाचा दाभण आणि जाड दोरा घेऊन गादीवरच बसतात आणि वीतभर अंतराने टाका घालत मागे सरकत जातात. टाका फार आवळला तर तिथे खळगा पडतो, सैल राहिला तर कापूस सरकतो, आणि हे माप हाताला कळते, डोळ्याला नाही, असे ते म्हणाले. माझ्या गादीत बेचाळीस टाके आहेत. आठ महिन्यांत त्यांतला एकही तुटलेला नाही. मी मोजते, कारण मोजण्याची सवय अजून गेलेली नाही.

पैसे असे झाले: पिंजाई किलोमागे चाळीस रुपयांप्रमाणे ४९०, नवा कापूस ३६०, पाच मीटर गादीपाट ५५०, शिलाई आणि टाके ३५०, शिवाय दोन उशा सावरीच्या कापसाने नव्याने भरण्याचे ३००, एकूण २,०५०. यांची फोमची गादी घेताना याच्या सहापट रक्कम मोजली होती, आणि तिला कंपनीने कागदावर दहा वर्षांची हमी दिली होती. ती हमी वापरायची वेळ आली तेव्हा कडेला बसलेला फोम हा हमीत येत नाही असे उत्तर मिळाले. चाचांनी हमी दिलेली नाही. पाच वर्षांनी परत आणा, एवढेच ते म्हणाले.

उशांविषयी थोडे विषयांतर. चाचांनी सावरीचा कापूस मुठीत घेऊन पाण्याच्या बादलीत टाकला आणि तो बराच वेळ कोरडाच तरंगत राहिला. "ताई, ही उशी बुडत न्हाई," ते म्हणाले. सावरीच्या कुळातला कपोक नावाचा कापूस पूर्वी जहाजांवरच्या जीवरक्षक जाकिटांत भरत असत. त्याचे तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असल्याने त्यांत पाणी सहज शिरत नाही. हे मी आधी कुठेतरी वाचलेले असणार. स्वप्नात सासूबाई उशीवर तरंगत होत्या आणि मी गादीवर बुडत होते. झोपेतली माझी अक्कल निदान कापसाच्या बाबतीत तरी बरोबर चालत होती.

वेळेच्या बाबतीत मात्र दुकानाला कमी गुण द्यावे लागतील. दोन दिवसांत देतो म्हणून सांगितलेली गादी सहाव्या दिवशी मिळाली. कारण समजण्यासारखे होते. मधल्या काळात पाऊस सुरू झाला आणि उन्हात न तापवता कापूस खोळीत भरायला चाचा तयार नव्हते. घाई केली असती तर मला ओलसर कापसाचीच नवी गादी मिळाली असती. पण मग दोन दिवसांचे आश्वासन द्यायचे नाही. पाच रात्री मी सतरंजीवर झोपले, आणि त्या पाच रात्रींत स्वप्न सहा वेळा पडले.

हा हिशेब मला नंतर महत्त्वाचा वाटला. सतरंजी अगदी कोरडी होती, टाका टोचत नव्हता, तरीही स्वप्न वाढले. मात्र जमिनीच्या कडकपणामुळे मी रात्रीतून चार-चार वेळा जागी होत होते. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांनी चालते, आणि प्रत्येक आवर्तनात डोळ्यांच्या जलद हालचालींची एक अवस्था येते. शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली तिची नोंद प्रसिद्ध केली. ठळक, कथा असलेली स्वप्ने बहुतांशी याच अवस्थेत पडतात, आणि पहाटेकडे ती लांबत जाते. स्वप्न सगळ्यांनाच पडते, पण ते पडत असताना किंवा पडल्याबरोबर जो जागा होतो त्यालाच ते आठवते. आमचे हे 'मला स्वप्नेच पडत नाहीत' असे गेली तेवीस वर्षे अभिमानाने सांगत आले आहेत. वस्तुस्थिती एवढीच आहे की त्यांना जागच येत नाही, मग ती फोमवर असो, सतरंजीवर असो, की बसच्या सीटवर.

पहाटेचे स्वप्न खरे होते, या समजुतीचे मूळही इथेच असावे, असे माझे मत आहे. पहाटेची स्वप्ने सर्वांत लांब आणि त्यांच्यातूनच आपण उठतो, म्हणून लक्षात राहतात तीच, आणि खरी ठरण्याची संधी लक्षात राहिलेल्यांनाच मिळते. सासूबाईंना हे पटले नाही. त्यांनी मला स्वप्न तुळशीला सांगून मोकळी हो म्हणून सुचवले, आणि मी ते केलेही. मग त्यांच्या समाधानासाठी मी चरकसंहितेचा आधार काढला. तिच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढचे सुचवणारे आणि शरीरातल्या दोषांतून उद्भवणारे. यांतले पहिले पाच निष्फळ समजावेत, असा वैद्याला स्पष्ट आदेश आहे. पूर मी पाहिला, पातळी रोज ऐकली, ओली गादी अनुभवली, मुलीचे पर्सेंटाइल इच्छिले. माझे स्वप्न पहिल्या चार प्रकारांतच संपते. सासूबाई म्हणाल्या, "आणि मी तांदूळ निवडत होते ते कशात धरायचं?" याला उत्तर नव्हते.

गादी आली त्या रात्री मी सलग साडेसहा तास झोपले. नवी पिंजलेली गादी पहिल्या आठवड्यात जरा जास्तच उंच आणि फुगीर वाटते, पलंगावर चढल्यासारखे होते, आणि कुशीवर वळताना ती किंचित गिऱ्हाइकाला मागे ढकलते. पंधरा दिवसांत ती अंगासारखी बसते. पाठीचे दुखणे कमी झाले, नाहीसे झाले नाही. खिडकीवर आठ तास बसणाऱ्या बाईची पाठ गादीने पूर्ण बरी होईल, अशी अपेक्षा मी ठेवलीही नव्हती. उष्णतेच्या दृष्टीने ती फोमपेक्षा निश्चित सुखद आहे, पाठीला घाम येत नाही. गादीपाटाचा निळा पट्टा पहिल्या महिन्यात चादरीला थोडा लागला. जाड आच्छादन आधीच घालावे. पायाकडचा उजवा कोपरा बाकीच्यांपेक्षा पातळ राहिला आहे, तो मी पुन्हा दाखवला नाही, कारण तिथे माझा पाय पोहोचत नाही.

आणि स्वप्न? बारा दिवस ते आठवले नाही. पडत नसेल असे मी म्हणत नाही. मी जागी होत नव्हते, एवढेच मला ठाऊक आहे. तेराव्या दिवशी, मुलीच्या प्रवेशाची यादी लागायच्या आदल्या पहाटे, ते पुन्हा आले. वर्ग तोच, पर्यवेक्षक तोच, बेरीज तीच, पण पाणी नव्हते. गादीतून काहीही वर आले नाही, एकही टाका तुटला नाही, रेनकोटसुद्धा घडी घालून टेबलावर ठेवला होता. मी कोरड्या गादीवर बसून कोरडी बेरीज करत होते आणि ती नेहमीप्रमाणे चुकत होती. उठल्यावर मला हसू आले. दुकानाने आपले काम चोख केले होते. पाणी आणि टाका हा त्यांचा भाग होता आणि तो त्यांनी काढून टाकला. आकडे माझे होते, ते त्यांच्याकडे पिंजायला दिलेच नव्हते.

आकडे नंतर आपापल्या वेळेने गेले. मुलीला दुसऱ्या फेरीत प्रवेश मिळाला, तेव्हा बेरजेतून पर्सेंटाइल गळले आणि त्याच्या जागी वसतिगृहाचे शुल्क आले, पण ते निदान पूर्णांकात होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन गणपतीनंतर झाले. सासूबाई आता चष्म्याशिवाय तांदूळ निवडतात आणि माझ्या स्वप्नात पूर्वीपासूनच तसे निवडत होत्या, असे सगळ्यांना सांगतात. हप्ता आहे तिथेच आहे.

गादीचा एक दोष मात्र असा निघाला की जो सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. ऑगस्टमध्ये पातळी चाळीस फुटांच्या दिशेने चढू लागली, तेव्हा गल्लीत सगळ्यांनी सामान वर चढवायला घेतले. आमच्या माळ्याचे तोंड लहान आहे. जुनी, बसलेली गादी दुमडून त्यातून सहज जात असे, पिंजलेली जाईना. दुमडली की स्प्रिंगसारखी उघडायची. हे खालून ढकलत होते, मी वरून ओढत होते, आणि मुलगी मोबाइलवर दर तासाचा आकडा वाचून दाखवत होती. शेवटी रात्री दहा वाजता मी चाचांना फोन केला. गाठी कशा मारायच्या हे त्यांनी फोनवरच सांगितले: गादी दुमडायची नाही, पायाकडून घट्ट गुंडाळत आणायची, दर हातभर अंतरावर गुडघा देऊन दोरी आवळायची. तशी ती पाचव्या प्रयत्नात गेली. त्या रात्री स्वप्न पडले नाही, कारण झोपायला कोणालाच वेळ नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी पाणी उतरू लागले.

दिवाळीच्या आधी दुसऱ्या दोन उशा भरायला गेले, तेव्हा चाचांनी पाठीची चौकशी केली. बरी आहे, असे म्हटल्यावर ते दोऱ्याला मेण लावत म्हणाले, "जूनमध्ये सगळ्यांचीच पाठ दुखतीया ताई. पाणी उतरलं की निम्मे लोक गादी न्यायलाच येत न्हाईत." कोपऱ्यात खरोखरच तीन गाद्या नावाच्या चिठ्ठ्या लावून पडलेल्या होत्या. पुरात भिजलेला कापूस ते पिंजायला घेत नाहीत, कितीही वाळवून आणला तरी, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. २०१९ साली म्हणूनच त्यांच्या यंत्राला काम नव्हते आणि फक्त नव्या गाद्या शिवल्या गेल्या.

ज्यांना या प्रकारच्या दुकानात गादी द्यायची असेल त्यांनी ती एप्रिल-मे महिन्यात, कडक ऊन असताना द्यावी, वजन समोर करून घ्यावे, आणि माळ्याचे तोंड आधी मोजून जाडी त्याप्रमाणे सांगावी. आमचा सुतार पुढच्या आठवड्यात माळ्याची एक फळी काढायला येणार आहे. किती इंच काढायची, ते अजून ठरायचे आहे.